पापाचं वजन वेगळं धरा

कारखाना वसाहत,
रविवार, ता. २२ जुलै १९७३

ती. रंगनाथमामा यांस,

गोरक्षनाथाचा नमस्कार. साष्टांग घालत नाही, कारण मागच्या पत्रात घातला तर तुम्ही उलट टपाली कळवलं होतंत की कागदावर आडवं पडायला कुणाचं काय जातंय, असले फुकटचे मान मला पाठवू नकोस. 'ईश्वरकृपेने सर्व क्षेम' हेही लिहीत नाही. आम्ही कुणाच्या कृपेशिवाय क्षेम आहोत. तब्येत विचारावी तर 'विचारून काय रक्त वाढतंय?' म्हणून खेकसता, तेव्हा तेही राहू द्या. इकडे दोन पाऊस बरे झाले. पोरी शाळेत जातात. ऊस नाही म्हणून कारखाना लवकर बंद पडला आणि मी बैलगाड्यांच्या काट्याशेजारच्या खोलीत बसून माश्या मोजतो आहे. क्षेमकुशल एवढंच.

आता मुद्द्याचं. छबूमावशीनं एव्हाना तुम्हाला सगळं कळवलं असणार. तुमच्या या धाकट्या बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि ही तर चांगली पोतंभर बातमी. तिच्या म्हणण्याप्रमाणे धोंडाईच्या देवळात, भर मंडपात, शेदीडशे माणसांसमोर तिच्या नास्तिक भाच्याच्या अंगात देवी आली, त्यानं अंगावरची कापडं काढून फेकली आणि 'आई, मी चुकलो' म्हणून टाहो फोडला. मामा, यातलं कापडांचं तेवढं खरं आहे. बाकी सगळं मावशीच्या पदरचं. मी चौदा वर्षांचा असताना तुम्ही मला वेशीवरच्या म्हसोबाकडं नेऊन खिळ्यानं शेंदूर खरवडायला लावलात आणि आतला दगड दाखवलात. त्या दिवसापासून मी कुठल्या दगडापुढं वाकलेलो नाही. त्या मंगळवारीही वाकलो नाही. बसलो होतो. तराजूत बसलो होतो, हे कबूल करतो, आणि का बसलो ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला शिव्या देताना मुद्दे हाताशी राहतील.

गेल्या वर्षी चैत्रात मला टायफॉईड झाला ते तुम्हाला ठाऊक आहे. अठ्ठावन्न किलोचा मी एक्केचाळीसवर आलो. (काट्यावरचा कारकून असल्यामुळे मला स्वतःचं दुखणंसुद्धा किलोतच आठवतं.) वाचलो तो क्लोरोमायसेटिनच्या कॅप्सुलांनी. पण शुद्धीवर येऊन बघतो तर माझ्या जिवावर हक्क सांगणारे हजर. आमचा रशीद मिस्त्री, जो स्वतः आमच्या विवेक मंडळाचा उपाध्यक्ष आहे आणि पिराबिराचं नाव काढलं की पाना फेकून मारतो, त्याच्या बायकोनं, मेहताबभाभीनं, दर्ग्याच्या जाळीला माझ्या नावानं दोरा बांधलेला. म्हणून पीर पावला. इकडं आमच्या चांगुणेनं धोंडाईला नवस बोललेला. म्हणून देवी पावली. दोघी बायका दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून एकमेकींना 'तुमचाच गुण हो' म्हणत होत्या, आणि ज्या डॉक्टरनं एकवीस दिवस त्या कॅप्सुला चारल्या त्याला कुणी साधा नारळ दिला नाही. त्याच्याकडं वर्गणीची पावती नाही, झेंडा नाही, जत्रा नाही, मग त्याला कोण विचारतो!

चांगुणेचा नवस असा : 'आई, ह्यांला उठीव. ह्यांच्या भारंभार गूळ तुला घालीन, अन् तवर मीठ खायची न्हाई.' म्हणजे मी देवळातल्या तराजूच्या एका पारड्यात बसायचं, दुसऱ्यात माझ्या वजनाचा गूळ घालायचा, तो देवस्थानाला द्यायचा. मी ऐकलं आणि हसलो. म्हटलं, तुझ्या देवीला मधुमेह होईल. तीही हसली. आणि संध्याकाळी तिनं अळणी पिठलं केलं, माझं वेगळं, तिचं वेगळं.

मामा, मी चौदा महिने बसलो नाही. तुमचा भाचा शोभलो. 'मी बरा झालो तो औषधानं, देवीचं त्यात काही देणं लागत नाही, आणि मी जर पारड्यात बसलो तर मंडळाच्या सभेत कुठल्या तोंडानं बोलू?' हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही. मी तडजोडीही काढल्या. म्हटलं, फोटो ठेव. म्हणाली, फोटूला का टायफेड झाला हुता? म्हटलं, देवी जर सगळीकडं आहे तर आपल्या कारखान्याच्या काट्यावर उभा राहतो, तिथं मोज. ती खरोखरच आली, मी काट्यावर उभा राहिलो, आणि दोन-दोन टनांच्या बैलगाड्या तोलणारा तो काटा माझ्या वजनानं नुसता थरथरून जागच्या जागी थांबला. ती पदर तोंडाला लावून हसत घरी गेली. तिचं एक आहे, ती भांडत नाही. भांडली असती तर मी कधीच जिंकलो असतो. मला ती फार आवडते, मामा. भाच्यानं मामाला असलं लिहायचं नसतं, पण लग्नाला अठरा वर्षं झाली आणि अजून ती दारातून आत आली की मला खोलीत बरं वाटतं. तुम्ही एकटे राहता म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगतो असं समजू नका.

पण वर्ष कसलं होतं ते आठवा. रेशनवर तो लाल मिलो, दुष्काळात अमेरिकेनं धाडलेली ज्वारी. त्याची भाकरी मीठ, मिरची, तेल, सगळं असूनसुद्धा घशाखाली ढकलावी लागे. ही ती अळणी खात होती. चैत्र-वैशाखाच्या उन्हात टँकरच्या रांगेत दोन-दोन तास उभी राहत होती. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, हिचा रक्तदाब खाली गेलाय, घामावाटे मीठ जातंय आणि पोटात येत नाही, अशानं बाई जाईल. मी घरी येऊन तिला अर्धा तास शास्त्र समजावलं. ती 'व्हय' म्हणाली. 'तुमी बसा म्हंजी मी खाती' म्हणाली. मी म्हटलं, हा जुलूम आहे. म्हणाली, 'म्या कुटं काय म्हन्ले?' वैशाखात एका सकाळी टँकरपाशी चक्कर येऊन ती भरल्या हंड्यासकट पडली. कपाळ दगडावर आपटलं. तीन टाके पडले. टाके घालताना मी तिचा हात धरून उभा होतो आणि माझ्या मनात आलं की तत्त्व माझं आहे आणि अळणी ही खाते आहे. असा तत्त्वनिष्ठ कुणीही होईल. दवाखान्यातून बाहेर पडताना मी म्हटलं, येत्या मंगळवारी जाऊ. ती रडली तेवढी.

तिनं एकच वचन घेतलं : देवळात तोंड उघडायचं नाही. मी दिलं. (हाताबद्दल तिनं काही म्हटलं नव्हतं, म्हणून मी 'नवस : शंका आणि उत्तरे' ही आपल्या मंडळाची पत्रकं, दोनशे प्रती, पिशवीत घातली. वाटायला तोंड लागत नाही.) निघण्याआधी कारखान्याच्या दवाखान्यात वजन केलं आणि कंपाउंडरच्या सहीची चिठ्ठी घेतली : अठ्ठावन्न किलो. वजनाच्या बाबतीत मी देवाधर्मावर काय, सख्ख्या बापावर विसंबत नाही.

नगरला गाडी बदलली, सुप्याच्या अलीकडं फाट्यावर उतरलो आणि तिथून दीड कोस चाललो. रस्ता नवा कोरा, दुष्काळी कामातला. गावाला जायचा जुना रस्ता आहे तसा खड्ड्यात, पण देवळाचा गुळगुळीत. पाण्याचं म्हणाल तर गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन पायथ्याशी बसलेल्या, आणि सरकारी टँकर देवळाचा मंडप धुवून मग खाली यायचा. का, तर आईला धूळ चालत नाही. बायकांना चालते. बाया तक्रार करत होत्या का? छे! उलट धुतलेलं पाणी पन्हाळीतून खाली येई ते तीर्थ म्हणून भरून घेत होत्या. मामा, मला माणसाच्या अडाणीपणाचा राग येत नाही, मीही अडाण्यांतलाच आहे. पण त्या अडाणीपणाला कमिटी, अध्यक्ष, सेक्रेटरी आणि रबरी शिक्का मिळाला की मग त्याच्यापुढं कॉलरा परवडला. कॉलऱ्याला निदान लस आहे.

देवळाला सात पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर एक म्हातारा हात जोडून उभा होता. भीमा नाव. ह्याच रस्त्याची खडी ह्यानं उन्हाळाभर फोडली, हाताच्या सालपटांवर अजून चिंध्या होत्या. मी विचारलं, बाबा, वर का नाही जात? (पायऱ्या देवळात धरायच्या की बाहेर, हा वाद मी आणि चांगुणेनं नंतर मिटवला.) तो म्हणाला, 'हितनं बी दिसतीया की आई.' तिथून आई सोडाच, पुजाऱ्याचं ढुंगणसुद्धा दिसत नव्हतं. अस्पृश्यताबंदीचा कायदा होऊन इतकी वर्षं झाली, पण कायदा तिसरी पायरी चढलेला नाही. त्याच वेळी मागच्या दारानं एक धोतरवाले पुढारी चपलांसकट आत गेले, आणि आईला त्या चपलांची धूळ बरी चालली.

गूळ देवस्थानाच्याच दुकानातून घ्यायचा. बाहेरचा आईला चालत नाही. चांगुणेनं वर्षभर अंडी विकून साठवलेलं सगळं गाठोडं तिथं सोडलं आणि दहा-दहा किलोच्या सहा ढेपा घेतल्या. अठ्ठावन्नाला साठ, म्हणजे दोन किलो वर, देवीला कमी नको म्हणून. त्यातल्या एका ढेपेचा कोपरा उंदरानं कुरतडून चंद्रकोरीसारखा केला होता. आमच्या पुढं एक बाई आपल्या नातवाची तुला करून गेली होती, तिच्याही पारड्यात ही चंद्रकोर मी पाहिली होती. म्हणजे ढेप पारड्यातून मागल्या दारानं दुकानात, दुकानातून पुढल्या दारानं पारड्यात. आमच्या कारखान्यात उसाचं चिपाड एकदाच पिळतात. इथं भक्त आणि गूळ दोन्ही कितीदाही पिळता येतात.

मग तराजू. मंडपाच्या तुळईला लोखंडी दांडी टांगलेली, दोन्हीकडं साखळ्यांना फळ्या. मामा, बावीस वर्षं मी काट्यावर काढली. नवरदेवाला नवरी दिसायच्या आत मला त्या दांडीतला पासंग दिसला. माणसाच्या बाजूची दांडी गुळाच्या बाजूपेक्षा चांगली वीतभर लांब! लांब बाजूला बसलेला माणूस आहे त्यापेक्षा भारी भरणार, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि रिकाम्या तराजूत ते दिसू नये म्हणून गुळाच्या पारड्याला दुप्पट जाड साखळी. ज्या कुणी लोहारानं ही केली त्याला आमच्या कारखान्यात नोकरी दिली पाहिजे. मी चांगुणेकडं पाहिलं. तिनं ओठावर बोट ठेवलं. मी गिळलं आणि पारड्यात बसलो, मांडीवर पत्रकांची पिशवी, पाय पुढं पसरून.

पुजारी सहादेव, चांगला गरगरीत. त्याचा साठच्या साठ किलो गूळ चढवून झाला तरी मी जमिनीला टेकलेलाच. लोक बघायला लागले. मी पिशवी काढून खाली ठेवली. काही नाही. घड्याळ काढलं, चष्मा काढला. काही नाही. चांगुणेचा चेहरा उतरत चालला होता, तिच्या कनवटीला आता परतीच्या गाडीपुरतंच उरलं होतं. म्हणून मी सदरा काढला. मग (तोंड उघडायची बंदी होती, नाहीतर आधी बोललो असतो) पाटलोणही काढली. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर मी धोंडाईसमोर बसलो. लोकांना काय वाटलं असेल? त्यांना वाटलं, केवढा हा वैराग्याचा झटका! एका म्हातारीनं येऊन माझ्या पसरल्या पायांना हात लावून डोळ्यांना लावला. मंडपात पाठीमागून 'अगं बया, आपला गोरख!' असा आवाज आला तो छबूमावशीचा. मावशीच्या गोष्टीतली कापडं ती हीच.

सहादेवानं मग दुकानातून सातवी ढेप आणून टाकली, वर किलोचं माप ठेवलं, तेव्हा कुठं दांडी सरळ झाली. एकाहत्तर. मी मुकाट्यानं कंपाउंडरची चिठ्ठी पुढं केली. त्यानं वाचली, लोकांना वाचून दाखवली आणि डोळे मिटून म्हणाला, 'अठ्ठावन किलो श्यरीर. वरचं तेरा किलो पाप.'

मंडपभर माना डोलल्या. मामा, तेरा किलो! माझं वचन तिथंच सुटलं. मी पारड्यात उभा राहून, चड्डीवर, शेदीडशे माणसांना दांडीचा नियम समजावून सांगितला. टेकू कुठं, भार कुठं, हात किती लांब, सगळं. म्हटलं, विश्वास नसेल तर अदलाबदल करा, मी गुळाच्या जागी बसतो, गूळ माझ्या जागी ठेवा, बघा पाप कुणीकडं जातंय! असं स्वच्छ भाषण मी मंडळातसुद्धा कधी केलं नाही. आणि मामा, एकाही माणसाला ते पटलं नाही. एक जण म्हणाला, पाप बोलतंय. दुसरा म्हणाला, टायफेड डोक्यात राहिला असंल. सहादेवानं दोन धटिंगण बोलावले. आता मार बसणार हे मला दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर मला चालणार होतं. नवस मात्र फुकट जाणार होता आणि ती पुन्हा अळणी खाणार होती. तेवढ्यात चांगुणा पुढं आली.

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, 'असू द्या. चाळीस वर्साच्या मानसाला तेरा किलो म्हंजी लई न्हाई.' मग सहादेवाकडं वळली. पदर कपाळावर ओढून, आवाज न चढवता. 'पुजारीबाबा, पाप येगळं हाय म्हन्ता न्हवं? मंग येगळंच धरा. म्या नवऱ्याच्या भाराचा नवस बोलले हुते, त्येच्या पापाचा न्हाई बोलले. आईनं ह्यांला उठिवलं तवा पापासकट उठिवलं, तवा तिला काय जड झालं न्हाई. मंग तुमाला का हुतंय?'

सहादेव एकदा दांडीकडं, एकदा गुळाकडं बघायला लागला. पाप आहे म्हणावं तर ते नवसात नाही. पाप नाही म्हणावं तर दांडीत खोट. तो इतका वेळ बघत राहिला की रांगेतल्या बायकांना सुचायला वेळ मिळाला. 'माज्या लेकराचं दोन वर्साचं कसलं पाप वो? अडीच किलो लावलं तुमी!' अशी आधीची ती नातववाली ओरडली. दुसरीनं सासऱ्याचं काढलं. कालवा झाला. सहादेवानं घाईघाईनं सातवी ढेप उचलली, माझ्या कपाळाला कुंकू फासलं आणि 'झाला नवस, उतरा' म्हणाला. चांगुणा हलली नाही. म्हणाली, 'साठ हायेत. अठ्ठावनचा नवस. दोन किलो माघारी द्या.'

आणि घेतला की मामा! चंद्रकोरीच्या ढेपेतून फोडून, पदरात बांधून घेतला. बावीस वर्षं काटा सांभाळणारा मी, माझ्या दांडीच्या नियमानं पावशेर गूळ सोडवू शकलो नाही. आणि जिनं त्या तराजूवर, त्या पापावर, त्या दगडावर मनापासून विश्वास ठेवला, तिनं त्याच विश्वासानं त्या भामट्याला उताणा पाडला. मी पाटलोण घालत घालत हा विचार करत होतो आणि माझी पत्रकं लोक प्रसाद समजून घेऊन जात होते. सगळी संपली. दोनशेच्या दोनशे. कपाळाला लावून मग घडी करत होते.

पायथ्याशी लिंबाखाली एक बाई भाकरी-पिठलं विकत होती. चांगुणेनं तिच्याकडून आधी चिमूटभर मीठ मागून घेतलं, तळहातावर ठेवलं आणि जिभेच्या टोकानं चाटलं. चौदा महिन्यांनी. डोळे मिटले, आणि पोरीसारखी मान हलवली. मग दोन भाकरी खाल्ल्या, ठेचा मागून घेतला, नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी खात राहिली. मी समोर बसून बघत होतो. मामा, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यापुरतं तुमचं-माझं तत्त्वज्ञान मी त्या बाईच्या चुलीत घातलं असतं. ते परत मिळालं ते गाडीत.

गाडीत मी तिला भीमाचं सांगितलं. तिसऱ्या पायरीवर उभा होता तो. ती म्हणाली, 'मला दिसलाच न्हाई वो,' आणि केडगाव येईपर्यंत पदरातली गुळाची गाठ चाचपत राहिली. आता हे तुम्ही तोला. सहादेवाची लबाडी मला समजते. देव नसता तरी त्यानं किराणा दुकान काढून मापात मारलंच असतं. पण ही बाई, दारातल्या मांजरीला दूध घातल्याशिवाय स्वतः चहा न पिणारी, तिला वाटेतला उभा माणूस दिसत नाही, हे काही एकट्यादुकट्या लबाडाचं काम नव्हे. त्याला पोथ्या लागतात, पायऱ्या लागतात, शेकडो वर्षं तेच तेच शिकवणारे लागतात. धर्माचा गुन्हा कुठला म्हणून मला कुणी विचारलं तर मी पापाचे तेरा किलो सोडून देईन, गुळाची ढेप सोडून देईन, आणि हे सांगेन, की त्यानं चांगुणेसारखीला आंधळी केली. माझं मत काडीइतकंही बदललेलं नाही. उलट वाढलं आहे. पुढच्या मंगळवारी ती मला न सांगता ओंजळभर गूळ कागदात बांधून कुणाकरवी तरी भीमाकडं पाठवत होती असं कळलं.

असो. कागद संपत आला. मी वाकलो नाही, बसलो, एवढं तुम्ही ध्यानात घ्यावं आणि छबूमावशीलाही सांगावं.

आपला भाचा,
गोरक्षनाथ

ता. क. : विवेक मंडळानं माझ्या निषेधाचा ठराव केला. एकूण सभासद सहा. ठराव रशीद मिस्त्रीनं मांडला, मंजूर झाला, आणि मग तोच माझ्यासोबत घरापर्यंत चालत आला. फाटकापाशी उभा राहून बराच वेळ बिडी ओढली आणि हळूच म्हणाला, मेहताबनं जो दोरा बांधलाय तो सोडायला मलाच जावं लागणार आहे म्हणे, तू येशील का बरोबर?

ता. क. दुसरा : वजनमापं खात्याकडं मी रीतसर अर्ज केला होता. उत्तर आलं : 'सदर तराजू व्यापारी नसून धार्मिक असल्याने कारवाई करता येत नाही.' आणि धोंडाईच्या मंडपात नवी पाटी लागली आहे : 'शरीर व पाप यांचे वजन एकत्रच धरले जाईल. हुकमावरून.'

ता. क. तिसरा : आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. गेल्या महिन्यात नगरला तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, आठ दिवस चांगुणा तुमच्या खाटेशी होती. तिसऱ्या दिवशी ताप चढला तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, 'तुझ्या देवीला सांग की येऊन ताप उतरव म्हणून.' तुम्ही चेष्टेनं म्हणालात. तिनं सांगितलं. तुमच्या भारंभार गूळ. आणि तवर मीठ नाही.

मला परवा कळलं, चुकून तिच्या ताटातली भाजी खाल्ली तेव्हा. आज चाळीस दिवस झाले. विचारलं तर म्हणते, 'मामांला मागंफुडं कोन हाय?' दवाखान्याच्या कागदावर तुमचं वजन त्र्याऐंशी आहे. त्या दांडीच्या हिशेबानं तुमचं पाप अठरा किलोच्या वर भरेल, पण ते ती बघून घेईल म्हणते. तुमची सगळी उत्तरं मला पाठ आहेत, तुम्हीच शिकवलीत, आणि चौदा महिने मी ती एक एक करून वापरून पाहिली. तेव्हा उत्तर लिहीत बसू नका. येत्या मंगळवारी सकाळच्या गाडीनं या. नाही आलात तर मी काही बोलणार नाही, मला तोंडच नाही. मीही चौदा महिने गेलो नव्हतो.